अर्ध्या गुंठ्याचा ट्रॅक्टर

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा ट्रॅक्टरची किंमत मी सांगितली. घरात बारावीच्या पुढं शिकायला गेलेली मी पहिलीच, एवढंच त्याचं कारण. मी लोणावळ्याच्या कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या दिवशी जे झालं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला बसले की कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. लिहून बघते.

वडील जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध उरकल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, वाटणीचा विषय काढला. भांडण काही नव्हतं. त्यांना स्वतःचं घर बांधायचं होतं आणि त्यासाठी जागा त्यांच्या एकट्याच्या नावावर लागत होती. आई चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "करा." एवढंच म्हणाली. त्या वर्षात आम्ही दोघी सगळ्याला असंच एका शब्दात उत्तर देत होतो. जेवलीस का, तर हो. झोप लागते का, तर हो. दुःख होतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी त्यालाही हो म्हणाले असते, पण खरं सांगायचं तर मला काही वाटत नव्हतं. कॉलेजला जायचं, यायचं, भांडी घासायची. वडलांच्या चपला दाराशीच होत्या. मी त्या ओलांडून जात होते.

वडिवळ्यात नदीच्या अंगाला आमची भातखाचरं आहेत. त्यांची वाटणी सोपी गेली, कारण बांध आधीपासूनच तसे होते. घराचे दोन भाग पडले. भांडीकुंडी आईनं आणि काकूनं एका दुपारी आपापसांत वाटून घेतली. राहिला ट्रॅक्टर.

आमच्याकडं जी वस्तू तोडून वाटता येत नाही तिचा हिशेब गुंठ्यात करतात. पूर्वी बैलजोडीचा करायचे, मग पाण्याच्या मोटारीचा. थोरल्याच्या घरानं आकडा बोलायचा, की या वस्तूसाठी इतके गुंठे. मग धाकट्यानं "घेतो" म्हणायचं किंवा "ठेवा" म्हणायचं. वस्तू ज्याच्याकडं राहील त्यानं तेवढे गुंठे दुसऱ्याला सोडायचे. आकडा एकदाच बोलायचा. मागं घ्यायचा नाही. धाकट्यानंही आपला शब्द फिरवायचा नाही. यात बोलणाऱ्याला लबाडी करता येत नाही. कमी बोललं तर समोरचा वस्तू उचलून नेतो आणि जास्त बोललं तर वस्तू आपल्याच गळ्यात राहते आणि वर जमीन जाते.

आमचं घर थोरल्याचं. म्हणजे आकडा आम्ही बोलायचा होता.

"तूच सांग," आई मला म्हणाली. "तुला हिशेब येत्यात."

"आई, मला ट्रॅक्टरचा हिशेब नाही येत."

"हिशेब हिशेबच असतोय." मग थोड्या वेळानं भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ट्रॅक्टर जाऊ देऊ नगं. आन् खोटं बोलू नगं."

ही दोन्ही वाक्यं तिनं एकापाठोपाठ एक म्हटली. तिला त्यात काही अडचण दिसली नसावी. मलाही तेव्हा दिसली नाही.

हा ट्रॅक्टर आमच्या बाजूला आलेला पहिला, असं जुनी माणसं सांगतात. एका मोठ्या जमीनदाराचा होता. वडील लहान असताना त्याच्यामागं पळायचे. पुढं तो बंद पडला आणि चिंचेखाली कितीतरी वर्षं गंजत उभा राहिला. त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. वडील एका कंपनीत मेंटेनन्सला होते. त्यांनी तो जवळजवळ भंगाराच्या भावात घेतला आणि नानांनी बैल लावून ओढत आमच्या पडवीत आणला. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. त्यानंतर तीन वर्षं वडलांची प्रत्येक सुट्टी त्या ट्रॅक्टरखाली गेली. आम्ही पाहुण्यांकडं जायचो तेव्हा वडील नसायचे. घरी त्यांचे पायच दिसायचे, ट्रॅक्टरखालून बाहेर आलेले. आई त्यांना पाने द्यायची. तिला पान्यांचे नंबर वाचता येत नव्हते, ती आकारावरून ओळखायची, आणि चुकायची नाही.

इंजिनाचा ब्लॉक तडकलेला होता. तो टाकून त्यांनी दुसऱ्या एका भंगारातल्या ट्रॅक्टरचा बसवला. गिअरच्या पेटीला चीर होती, ती वेल्डिंगनं भरून वर ग्राइंडर मारून गुळगुळीत केली. लाल रंग दिला. पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा नाना एवढे जोरात ओरडले की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. हे मला आठवतं.

नंतर लोणावळ्यात बंगला असलेले, जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ तो बघायला आले होते. त्यांनी वडलांना एक रक्कम सांगितली. वडील नाही म्हणाले. पण ती रक्कम गावात राहिली. कुणी म्हणायचं एवढी, कुणी म्हणायचं त्याहून जास्त. वाटणीच्या वेळी भावकीत सगळे धरूनच चालले होते की ट्रॅक्टरचा आकडा दोन गुंठे. नानाही तेच धरून होते.

मी आधी पुस्तकात बघितलं. आम्हाला घसारा शिकवला होता. यंत्राची किंमत दर वर्षी थोडी थोडी उतरवत न्यायची. त्या हिशेबानं आमचा ट्रॅक्टर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी शून्य झालेला होता. मग मोबाइलवर शोधलं. तसाच ट्रॅक्टर परदेशात कुठंतरी लिलावात गेलेला दिसला, त्याचा आकडा बघून मी मोबाइल उलटा ठेवला. आणि आपल्याकडं तसाच एक विकायला काढलेला होता, तो भंगारापेक्षा जरा बरा, एवढ्याच भावात. दोन्ही फोटोंत ट्रॅक्टर सारखेच दिसत होते. मला फरक कशात आहे ते समजेना. सरांना विचारायला गेले, पण स्टाफरूमच्या दारात उभी राहून परत आले. ट्रॅक्टरबद्दल सरांना काय विचारायचं?

लोणावळ्यात बाजाराच्या मागं एक गॅरेज आहे. तिथं जुन्या मोटारी, जीपगाड्या दुरुस्त होतात आणि शूटिंगला भाड्यानं जातात. ते चालवणारे चाचा सत्तरीचे असतील. कॉलेज सुटल्यावर मी दोन दिवस नुसती तिथून चालत गेले. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "काय गं, रोज बघून जातेस. गाडी घ्यायची आहे की गॅरेज?"

मी सांगितलं. फार अडखळत सांगितलं असणार, कारण मधेच त्यांनी मला स्टूल दिलं.

"वडलांनी एकट्यानं केला?"

"चुलते मदतीला होते. आणि आई."

"आई?" ते हसले. "मग बघायलाच पाहिजे. रविवारी येतो. पण एक सांगून ठेवतो. मी खरं सांगेन. आवडलं नाही तर रडायचं नाही."

"मी रडत नाही," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि पुन्हा काम करायला लागले.

रविवारी ते स्कूटरवर आले. नाना त्यांच्या बाजूच्या ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच सगळं बघितलं. चाचांनी पडवीत शिरल्या शिरल्या इंजिनावर हात ठेवला.

"सकाळी सुरू केला होता का?"

"नाही."

"छान. गार आहे. काही लोक मी यायच्या आधी तापवून ठेवतात, म्हातारी गाडी पहिल्या हाकेला उठावी म्हणून."

त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि मडगार्डवरून फिरवत नेलं. बहुतेक ठिकाणी ते चिकटत होतं. एका जागी सुटलं. "इथं पुट्टी भरली आहे," ते म्हणाले. "एवढीच? बाकी पत्रा ठोकून सरळ केलाय? हातानं?" मी हो म्हणाले. त्यांनी त्या जागेवरून बोटं फिरवली. मग तेलाची कांडी काढून वास घेतला, पाण्याच्या टाकीत बोट घालून बघितलं, खाली पोत्यावर आडवे झाले. त्यांचे पाय बाहेर राहिले. आई दारात उभी होती, ती आत गेली.

सुरू करायची वेळ आली तेव्हा आईच बाहेर आली. कुठला खटका आधी ओढायचा, किती मोजायचं, मग हँडल कसं मारायचं, हे तिनं चाचांना सांगितलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. धूर काळा येतो का निळा ते बघितलं. मग इंजिन बंद करून आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या मालकांचा हात फार चांगला होता."

"व्हय," आई म्हणाली. "च्या टाकते."

ती आत गेल्यावर चाचांनी मला कागद मागितले. मी आरसी बुक आणलं. ते त्यांनी उन्हात धरून वाचलं आणि विचारलं, "पाटी कुठं आहे? पितळेची असते. इथं, या जागी. ही बघ पाटी ठोकायच्या रिपिटांची भोकं."

पाटी देव्हाऱ्यात होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. रंग देताना वडलांनी ती पाटी काढून ठेवली होती. तिच्यावर तेलाचा आणि गंजाचा थर होता. आईनं ती चिंचेनं घासली तर लख्ख निघाली. तळहाताएवढी पितळेची, कडेला ठोकलेली नक्षी, मधे अक्षरं आणि आकडे. आमच्या देव्हाऱ्यात देवाचे टाक आहेत, तसेच पत्र्यावर ठोकलेले, त्यांच्याशेजारी ती अगदी शोभली. रंग वाळेपर्यंत ठेवली होती, ती तिथंच राहिली. वडील हसले होते. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तिला कुठं ऊन लागतंय." तेव्हापासून दर सणाला आणि दर अमावस्येला आई टाकांबरोबर ती पाटीही घासत आली. चिंच, राख, मग पाणी. खंडेनवमीला तिला हळदकुंकू. वडील गेल्यावर ती रोज घासायला लागली.

मी पाटी आणली. चाचांनी ती उन्हात तिरकी धरली. मग दुसऱ्या बाजूला तिरकी धरली. चष्मा काढून बघितली.

"कोण घासतं ही?"

"आई."

त्यांनी ती माझ्या हातात दिली. कंपनीचं नाव ठसठशीत होतं, ते खोल ठोकलेलं होतं. त्याच्या खाली नंबराची चौकट होती. चौकटीत काही नव्हतं. नुसतं पितळ, आरशासारखं. माझं नाक त्यात दिसत होतं.

चाचा हळू आवाजात बोलायला लागले. म्हणाले, या मॉडेलचा नंबर तीन जागी असतो. ब्लॉकवरचा तर ब्लॉकबरोबर गेला. गिअरच्या पेटीवरचा तुझ्या वडलांनी वेल्डिंगनंतर ग्राइंडर मारला त्यात गेला. राहिला होता हा. कागदावर नंबर आहे, पण हा कागद याच ट्रॅक्टरचा, हे आता कशावरून सांगायचं? जमवणारी माणसं तेच आधी बघतात. नंबर असता तर त्या गृहस्थांनी सांगितलेली रक्कम बरोबर होती, कदाचित थोडी वरच. आता ही एक चांगली चालणारी जुनी मशीन. एवढंच.

"म्हणजे किती?"

त्यांनी आकडा सांगितला. मी मनातल्या मनात त्याचा निम्मा केला, कारण निम्मा ट्रॅक्टर नानांचा, आणि आमच्याकडच्या जमिनीच्या भावानं भागला. अर्धा गुंठा येत होता. मी पुन्हा एकदा केलं. तेवढंच आलं.

"परत पाटी करून घेता येते का?"

"येते ना. पुण्यात कुणीही ठोकून देईल. मग ते खोटं होईल." ते उठले. "आईला सांगू नकोस. सांगून काही नंबर परत उमटणार नाही."

आई चहा घेऊन आली. चाचांनी फुर्र करून चहा प्यायला आणि त्यातल्या आल्याचं कौतुक केलं. पैसे घ्यायला नाही म्हणाले. ते गेल्यावर मी पाटी देव्हाऱ्यात जागेवर ठेवली आणि कप विसळले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघत होते की आता वाटेल. कपाचा कान तुटलेला होता तो बोटाला लागला, तेवढं जाणवलं.

पुढच्या रविवारी बैठक होती. मधले सात दिवस मी एकच गोष्ट उलटसुलट करत होते. दोन गुंठे म्हणाले तर नाना "ठेवा" म्हणणार, हे नक्की होतं. त्यांना जमीन हवी होती. ट्रॅक्टर आमच्याकडं राहिला असता, पण आमचं रोप टाकायचं खाचर, जे घराजवळ आहे आणि ज्याला उन्हाळ्यातही ओल असते, ते गेलं असतं. आणि तो आकडा खोटा होता. मला माहीत असून खोटा. अर्धा गुंठा म्हणाले तर खरं होतं, पण नाना "घेतो" म्हणणार. एवढ्या कमीत कुणीही घेतलं असतं. घर बांधून झाल्यावर त्यांनी ट्रॅक्टर विकला असता, हेही मला माहीत होतं. त्यांच्या मुलांना शेती करायची नव्हती.

आईच्या दोन वाक्यांतलं एकच मला पाळता येणार होतं.

मी खरं बोलायचं ठरवलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला वाटतं, खोटं बोलायला जेवढा जोर लागतो तेवढा तेव्हा माझ्यात नव्हता.

बैठकीला भावकीतले आबा आले होते. वाटणीत दोन्हीकडचे शब्द ऐकायला एक वडीलधारा माणूस लागतो, म्हणून. ते ओटीवर भिंतीला टेकून बसले. नाना समोर, काकू त्यांच्या मागं. आई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिला हात मोकळे ठेवून बसता येत नाही.

"मंग?" आबा मला म्हणाले. "तू बोलनार म्हनं."

"हिच्या कालेजात आता ट्रॅक्टर शिकवत्यात, आबा," नाना म्हणाले. "मागच्या रविवारी मास्तरबी आलता. पोत्यावर झोपून शिकवत व्हता."

"तुज्या मास्तरानं तुला बाकावर उबा करून शिकवलं, तरी काय फरक पडला?" आबा म्हणाले. काकू पदराआड हसली. नानाही हसले. वातावरण तसं चांगलं होतं. मला वाटतं सगळ्यांनाच ते लवकर संपवून जेवायचं होतं.

"बोल पोरी. एकदाच बोलायचं असतंय, म्हाईत हाय न्हवं?"

"हो."

मी म्हणाले, "अर्धा गुंठा."

आईचं सूप थांबलं.

"किती?" आबांनी कानाला हात लावला.

"अर्धा."

"आगं, अर्ध्या गुंट्यात बैल येत न्हाई चांगला."

नाना हसत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते, मग पडवीकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"इंजिन बसलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"काल सुरू केलातास?"

"परवा आईनं केला. चालतो."

"मंग अर्धा कसा? त्यो बंगलेवाला चार वर्सांखाली काय रक्कम बोलला व्हता, मी हितंच बसलोतो. माझ्या कानानं ऐकली." ते जरा पुढं सरकले. "हे बघ. मला सरळ सांग. काय खोट हाय का त्यात?"

हा प्रश्न त्यांनी मला नीट विचारला. आवाज चढवून नाही. लहानपणी मी अंगणात पडले की ढोपर बघत विचारायचे, कुटं लागलं, तसा. मला उत्तर येत होतं. पाटीवरचा नंबर घासून गेलाय, एवढं एकच वाक्य. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुणी घासला. किंवा प्रश्न यायचीही गरज नव्हती. आई चार हातांवर बसली होती. तिची बोटं चिंचेनं कायम पिवळट असतात.

मी काही बोलले नाही.

नाना मागं सरकले.

"आबा, बघा," ते म्हणाले. "लोणावळ्याचा मिस्तरी तासभर खाली झोपून बघून जातोय. त्याच्यानंतर शिकलेली पोरगी दोन गुंट्याची चीज अर्ध्यात बोलतीय, आन् खोट हाय का म्हनलं तर त्वांड उघडत न्हाई. म्हंजी काय? मला गळ्यात मारायचाय."

"नाना, पोरीशी नीट बोल."

"नीटच बोलतोय. हुशार हाय, मला काय वाईट न्हाई वाटलं. पर मीबी हितलाच हाय." त्यांनी मांडीवर थाप मारली. "ठेवा. ट्रॅक्टर तुमचा, अर्धा गुंटा माझा."

"शब्द दिलास?" आबांनी विचारलं.

"दिला."

"सूनबाई?" आबा आईकडं वळले.

"व्हय," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

हे असं होईल, हा विचार त्या सात दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकते. मी ट्रॅक्टर द्यायला बसले होते. तो राहिला.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "अर्धाच का गं?"

"चाचा म्हणाले, जुना झालाय."

"जुना तर व्हताच की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी टेप लावून बांधाकडचा अर्धा गुंठा मोजून घेतला आणि चुन्याची रेघ मारली. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. ते खुशीत होते. कामशेतला चहाच्या टपरीवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पुतणी कशी डाव टाकत होती आणि आपण कसा ओळखला. मला ते तिथूनच समजलं. टपरीवाल्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "ट्रॅक्टरवाली तूच का?" मी हो म्हणाले.

या वर्षी उन्हाळ्यात नानांचं घर निम्म्यावर आलं. वाळू, विटा, पाणी आणायला त्यांनी आईकडं ट्रॅक्टर मागितला. आई म्हणाली, "न्या की, विचारायचं काय त्यात." ट्रॉली जोडून ते पंधरा-वीस दिवस तो चालवत होते. आई रोज सकाळी त्यांना सुरू करून द्यायची. एकदाही बंद पडला नाही. नदीकडच्या चढावर भरलेली ट्रॉली ओढताना त्याचा आवाज माझ्या अभ्यासाच्या खोलीत यायचा. मी पुस्तक उघडं ठेवून ऐकत बसायचे. वडील चालवत असताना आवाज असाच यायचा, पण मला तेव्हाही काही झालं नाही, फक्त मी पान उलटायची विसरायचे.

काम संपल्यावर नानांनी ट्रॅक्टर धुऊन, तेल बदलून परत आणून लावला. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मला कामशेत स्टेशनला सोडायला तेच आले, त्यांच्या मोटारसायकलवर. स्टेशनच्या बाहेर गाडी उभी केली. मी उतरले. लोणावळ्याकडं जाणारी लोकल यायला अजून वेळ होता.

"यक इचारू?" ते म्हणाले.

"विचारा ना."

"इंजिनात काय न्हाई. गिअर लोण्यावानी पडत्यात. मी वीस दिस कान लावून ऐकत व्हतो, कुटं खोट हाय ती घावंल म्हून." त्यांनी हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. त्यांचे केस वडलांसारखेच मागून पांढरे झालेत. "तू मला गळ्यात मारत न्हवतीस. व्हय ना? मंग त्या दिशी का न्हाई बोललीस? मी इचारलं व्हतं तुला."

मला इथं उत्तर देता आलं असतं. पाटीचं सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं. ते म्हणाले असते, आगं मग मी घेतलाच असता की अर्ध्यात, वाळू-विटांना कामाला आला असता. आणि ते बरोबर होतं. सगळं ठाऊक असतं तर त्यांनी घेतलाच असता. इतके दिवस मी स्वतःला सांगत आले होते की मी गप्प बसले ती आईसाठी. तिच्यासमोर तिच्या हातचं नुकसान बोलून दाखवायला नको म्हणून. ते खरं असेलही. मला तसं वाटायचं.

पण स्टेशनच्या बाहेर आम्ही दोघंच होतो. आई घरी होती.

"पेपरला उशीर होईल, नाना," मी म्हणाले. "जाते."

"जा," ते म्हणाले. "चांगला लिव्ह." आणि मी जिना चढेपर्यंत ते तिथंच, गाडी बंद करून, उभे राहिले.